नावाखालचे आकडे

छांग-ग्यूने कमरपट्टा नाकाशी नेला आणि डोळे मिटून लांब श्वास घेतला.

"काय हो शेठ, खायचाय का तो?" समोर बसलेल्या यॉम आजींनी विचारलं.

"वासावरून कळतं, आजी. हल्ली नवा माल चहाच्या पाण्यात बुडवतात आणि जुना म्हणून गळ्यात मारतात. हा अस्सल आहे."

छांग-ग्यूचं हे खूळ जुन्या सामानाच्या अख्ख्या दोंगम्यो बाजाराला ठाऊक होतं. निवृत्त झाल्यावर लोक डोंगर चढतात, मासे धरतात. ह्याने सैनिकांचे जुने पट्टे, पिशव्या आणि गणवेश जमवले. खाली बायकोची खानावळ होती, आणि वरची खोली त्याने पुतळ्यांनी भरून टाकली होती. "वर चिंध्यांचं लग्न लागलंय," असं बायको गिऱ्हाइकांना सांगायची. पण प्रत्येक पुतळ्याच्या पायाशी एक पाटी होती. त्या सामानाच्या मालकाचं नाव आणि दोन ओळींची हकीगत. पाटीवर खोटी ओळ लिहायची नाही, हा त्याचा हट्ट. त्यापायी कितीतरी चांगला माल त्याने हातचा घालवला होता.

आणि आज अमेरिकेच्या बाजूने लढायला व्हिएतनामला गेलेल्या शिपायाचा पुरा साज आपल्या पायांनी जिना चढून आला होता. कमरपट्टा, खांद्याचे पट्टे, काडतुसांच्या दोन पिशव्या, बाटलीची खोळ. सगळं एकाच माणसाचं. छांग-ग्यूच्या तोंडाला पाणी सुटलं होतं, खोटं कशाला बोला!

"पैसे नकोत मला," आजी म्हणाल्या. "पाटी तेवढी लावा. मा पिल-दो. एकोणसत्तरच्या शरदात व्हिएतनामात लढताना पडला. बस्स."

"तुमचे यजमान?"

"व्हायचे होते. परत आला की लग्न करायचं ठरलं होतं. त्या शरदात पत्रं थांबली. कागदोपत्री मी त्याची कोणीच नव्हते, मग सरकार मला कशाला कळवतंय? बहात्तर साली त्याचा एक सोबती हे गाठोडं घेऊन आला. म्हणाला, वहिनी, तुमचा माणूस तीन वर्षांपूर्वीच गेला, ही आठवण ठेवा. दारातूनच परत फिरला."

"मग?"

"मग काय? लग्नाआधीच विधवा झाले. स्थळं आली हो, नाही असं नाही. एक शाळामास्तर तर बर्फात दाराशी उभा राहायचा, वेडा. नाही म्हटलं. मेलेल्या माणसाशी बेइमानी कशी करायची?"

छांग-ग्यूने काडतुसांची एक पिशवी उचलली आणि तिची झडप आतून उलटली. तिथे शाईने नाव लिहिलेलं होतं. शेवटचं अक्षर उताराला लागलं होतं.

"त्याचंच अक्षर," आजी पटकन म्हणाल्या. "कधी सरळ लिहिलं नाही मेल्याने."

नावाखाली अमेरिकन शिक्का होता. फिकट आकड्यांची लांबलचक रांग. दुसऱ्या कोणाला त्यातून काही कळलं नसतं. पण मधले दोन आकडे माल बनवल्याचं साल सांगतात, हे जमवणाऱ्याला पाठ असतं. छांग-ग्यूने ते वाचले. चष्मा पुसून पुन्हा वाचले. एकाहत्तर.

त्याने घाईने दुसरी पिशवी उलटली. तिथेही एकाहत्तर, आणि तिथेही तेच घसरतं नाव.

एकोणसत्तरला पडलेल्या माणसाने एकाहत्तरच्या पिशवीवर आपल्या हाताने नाव लिहिलं होतं! शिवाय पडलेल्या शिपायाचा साज घरी येतच नाही. तो कोठारात जमा होतो आणि दुसऱ्याच्या पाठीवर चढतो. घरी येतो तो परतणाऱ्याच्या बोचक्यात, तळाशी लपून. सोबत्याने लपवून आणला असेल, असं छांग-ग्यूने आतापर्यंत धरलं होतं. पिल-दो जिवंत परतला होता. लग्न टाळायला त्याने स्वतःच्या मरणाचा निरोप धाडला होता. हरामखोर कुठला!

सांगावं, तर ह्या बाईचं उभं आयुष्य पाण्यात. न सांगावं, तर आपल्या पाटीवर धडधडीत खोटं. आजी बार्लीच्या चहाचा पेला दोन्ही हातांत धरून शांत बसल्या होत्या. त्यांच्याकडे बघवेना.

शेवटी त्याने झडप हलकेच मिटली.

"लिहितो, आजी," तो म्हणाला. "तुम्ही सांगता तसंच लिहितो. मोठ्या अक्षरात लिहितो."

आजींनी पेला खाली ठेवला. त्यांनी पुढे होऊन पट्टे गुंडाळायला घेतले.

"अहो, हे काय? लिहितो म्हटलं ना मी!"

"तेच तर." आजी म्हणाल्या. "बुसान शहरातला एक, देगूतला एक, असा माल जमवणाऱ्या दोघांकडे आधी जाऊन आले. तेही तुमच्यासारखेच पोपटासारखे बोलत होते. पिशवी उलटली नि वाचा बसली. मग असेच मऊ होऊन म्हणाले, लिहितो. त्या सोबत्याने तेव्हा माझ्या नजरेला नजर दिली नव्हती, शेठ. तेव्हापासून मनात पाल चुकचुकतेय. सरळ विचारलं असतं, तर मला जपायला तुम्ही तिघेही खोटं बोलला असता."

छांग-ग्यूची मान खाली गेली.

"परत आला ना तो?" आजींनी विचारलं. "एवढंच सांगा."

त्याने होकाराची मान हलवली. आता रडारड होणार, ह्या भीतीने तो दाराकडे बघू लागला, बायकोला हाक मारावी की काय. पण आजींनी सगळं गाठोडं छातीशी घट्ट आवळलं होतं, आणि त्यांच्या तोंडभर हसू पसरलं होतं.

"जगला!" त्या म्हणाल्या. "मला टाकून का होईना, जगला तर!"