जीवदान

रविवारी वावाउ बेटावर दुकानंच काय, मासेमारीही बंद असते. आतेलाइतेचा खेळ मात्र चालू होता. चर्चमध्ये गायनमंडळाच्या मागच्या ओळीत बसून, चर्चला येताना रिवाजाप्रमाणे कमरेला गुंडाळलेल्या चटईच्या आड फोन धरून ती डुकराला डुक्कर आणि कासवाला कासव जुळवत होती.

"वहिनी, ठेव तो फोन!" शेजारून नणंद सेइनी कुजबुजली. "मागच्या रविवारी खेळताना सापडली म्हणून पाळकांनी लुसियाला गायनमंडळातून काढलंय. तुलाही काढलं, तर नाताळात वरचा सूर कोण लावणार? मी?"

"देवा! तू तर नकोच! एवढी दोन डुकरं जुळू देत गं, मग हात नाही लावणार."

समोर पाळक सोसाइया नेमके मोबाइलच्या खेळांवरच घसरले होते. "सैतान आता शिंगं घेऊन येत नाही," ते गरजले, "कोंबड्या-डुकरं घेऊन येतो!"

तेवढ्यात आतेलाइतेचा खेळातला शेवटचा जीव गेला. नेहमी मदतीला धावून येणाऱ्या एका निनावी भिडूकडे तिनं घाईघाईनं एक जीव मागितला.

वचनं वाचायला वेदीवर ठेवलेला पाळकांचा फोन थरथरला. त्यांनी खाली पाहिलं, घसा खाकरला आणि म्हणाले, "मंडळी, डोळे मिटा. क्षणभर मौन प्रार्थना करू या."

सगळ्या चर्चनं माना खाली घातल्या, आणि आतेलाइतेच्या फोनवर अलगद एक जीव येऊन पडला.