पहिला बंद रविवार

सकाळच्या एसटीनं पंजाबराव रिसोडला उतरला, तो घरी न जाता थेट बाजारात. रात्री मंगरूळपीरला लेकीकडे मुक्काम होता, पण झोप कसली लागते. व्यापारी मंडळाचा अध्यक्ष तो, आणि दर रविवारी दुकानं बंद ठेवायचा ठराव त्यानंच रेटून नेलेला. आजचा रविवार पहिला. आज एकानं जरी शटर उचललं, तर ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या. पुढच्या रविवारी सगळा बाजार उघडा.

किराणा बंद. सराफा बंद. भांडीवालासुद्धा बंद. पंजाबरावाला बरं वाटलं. मग कोपऱ्यावर जगदेवच्या कापड दुकानाचं शटर दिसलं, अर्धं वर.

त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ठरावाला पहिला हात याच जगदेवनं वर केला होता. भर सभेत म्हणाला होता, "आमची प्रयागबाई म्हनते, लगन झाल्यापासून एक रईवार तुमी माह्यासंगं जेवले नाही." लोक हसले होते. पण घरोघरी तेच रडगाणं, म्हणून तर ठराव पास झाला.

पंजाबराव वाकून आत शिरला. गिऱ्हाईक कोणी नव्हतं. जगदेव एकटाच गादीवर हिरव्या साड्या पसरून बसला होता.

"जगदेव, तूच असं करशीन त मी लोकायले काय सांगू?"

"विकून नाही राह्यलो, भाऊ. प्रयागसाठी हाये."

पंजाबरावाचा राग निवला. सुट्टीच्या पहिल्याच दिवशी बायकोला साडी! ठरावाचं सोनं झालं म्हणायचं.

"मंग कालच न्याची होती. शटर उघडं पाहून लोक माह्या नावानं बोंबलतीन."

"काल गरज नोती."

"बरं. ही घे, काठाची. वैनीले शोभन."

जगदेवनं तीच उचलली. आयुष्यभर बायकोला दुकानातला उरलासुरला माल नेणारा हा माणूस. आज त्यानं किमतीची चिठ्ठीही पाहिली नाही. पंजाबरावाला मनापासून आनंद झाला.

जगदेव उठला. त्याच्या पायात चपला नव्हत्या.

"भाऊ, बांगड्यावाल्याले सांगता का जरा दुकान उघडाले? तुमचा शब्द तो मोडनार नाही. हिरवा चुडा पायजे होता."

"ते मात्र होनार नाही," पंजाबराव म्हणाला. "तुह्यं मी डोळ्याआड करतो. त्याले मीच उघड म्हनलं त ठराव राह्यला कुठं? चुडा उद्या घे. वैनी काय आजच पळून चालली?"

जगदेवनं साडीची घडी छातीशी धरली.

"उद्यापर्यंत नाही ठेवता येत, भाऊ. तिरडी बांधून झाली हाये. साडी-चुड्यासाठीच थांबून राह्यले सारे."