बाविसावं गाणं

अंबरनाथ पूर्वेला शालनचं टायपिंगचं दुकान होतं. तिथल्या जुन्या कॉम्प्युटरात तिच्या वारलेल्या बाबांची, शाहीर भगवान यांची, एकवीस गाणी होती. तिनेच ती त्यांच्या तोंडून उतरवून घेतलेली.

"शालनताई, अजून डॉसलाच कवटाळून बसलाय? शेजारच्या कॅम्प तीनमधल्या जीन्स शिवणाऱ्यांनीसुद्धा विंडोज पंच्याण्णव घेतलं!" कॉम्प्युटर दुरुस्त करणारा मधू म्हणाला. "फक्त डिस्क कोरी करावी लागेल हां."

शालनने गाणी फ्लॉपीवर काढली, दोनदा मोजली, मगच "टाक" म्हणाली.

दुपारी नवा पडदा आभाळासारखा उजळला. तिने फ्लॉपी घातली. गाणी बावीस होती.

"तुम्हीच कधी टाइप केलं असेल," मधू हसला.

बाविसावं गाणं म्हणजे पाळणा होता. बाबांनी पाळणा कधीच रचला नव्हता.

'पहिल्या दिवशी आजा आला दारी,
शालनचं बाळ घेतलं मांडीवरी.'

तिचा हात पोटावर गेला. दिवस गेल्याचं तिने अजून नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

दुसरा दिवस. तिसरा.

पाळण्याला दिवस बारा, बाराव्याला बाळाचं नाव. आणि बाबा स्वतःचं नाव गुंफायचे ते गाण्याच्या अगदी शेवटच्या कडव्यात.

'चौथ्या दिवशी दिवा मालवा,
भगवान म्हणे, पाळणा थांबवा.'