कानाची नोंद

“साहेब, तेवढी कानाची नोंद पुसा ना. कमांडो कोर्स हातचा जाईल,” शिपाई गव्हाणे काकुळतीला आला.

इस्पितळाच्या नोंदी सांभाळणाऱ्या सुभेदार खोपड्यांनी नेहमीसारखा उजवा कान पुढे करून ऐकून घेतलं. “ब्लॉकचेन आहे ही. तोफेच्या आवाजानं तुझा पडदा फाटला, हे एव्हाना पाच लष्करी इस्पितळांत नोंदलंय. एकीकडे खोडलं, तर बाकीची चार बोंब मारतील.”

“पूर्वी बरं होतं. कागद फाडला की मोकळे!”

“मीही फाडला होता.” खोपडे हसले. “कोर्स मिळाला. पुढे डाव्या कानानं ऐकू येईना म्हणून भरपाई मागितली, तर मेडिकल बोर्ड म्हणालं, ‘तोफेनंच झालं कशावरून?’ तुला तसं कुणी विचारणार नाही.”

त्यांनी डावा कान पुढे केला.

“कागदोपत्री हा अजून ठणठणीत आहे. आता काय रडायचं ते ह्यात रड.”