बॅटरीवर चालणारा पट्टा

“पण दुखतं कोणाचं?” काउंटरवरच्या वैभवीने तिसऱ्यांदा विचारलं.

प्रश्न रास्त होता. जबलपूरच्या सदर बाजारातल्या त्या दुकानात खाटेवर आडवे झाले होते दिवाकरराव, पाकीट काढून बसले होते प्रल्हादराव, आणि दुखणं होतं प्रल्हादरावांच्या बायकोचं, सरोजिनीबाईंचं. त्या दुकानात आल्याच नव्हत्या.

“गुडघे तिचे आहेत,” प्रल्हादराव म्हणाले. “हे सोबत आले.”

“माझी कमरही सोबत आली,” दिवाकरराव खाटेवरूनच म्हणाले.

वैभवी जबलपूरचीच. मराठी पूर्ण समजायची, बोलायची अर्धी. तिने दोन वस्तू पुढे मांडल्या. एक गादी, भिंतीतल्या प्लगवर चालणारी. दुसरा पट्टा, एकदा चार्ज केला की दोन दिवस पुरणारा. दोन्हींतून चुंबकीय लहरी निघतात आणि थेट हाडापर्यंत जातात, असं तिने सांगितलं. तिथे जाऊन त्या काय करतात, हे प्रल्हादरावांनी विचारलं, तेव्हा तिने आजवर किती गाद्या विकल्या ते सांगितलं.

एरवी ते यावर हसले असते. सरकारी फॅक्टरीत लोखंडाचा गंज काढण्यात उभा जन्म गेला होता. सरोजिनीबाईंनी एकदा जाहिरात दाखवली, तेव्हा ते म्हणाले होते, चुंबकाने गंज निघत असता तर सरकारने आम्हाला कशाला पोसलं असतं? चहाला आलेल्या सगळ्यांना त्यांनी तो विनोद वर्षभर ऐकवला. सरोजिनीबाईही हसायच्या, गुडघा दाबत. परवा तुरीच्या डब्याखाली प्रल्हादरावांना ती जाहिरात सापडली. कात्रीने नीट कापलेली, तेलकट, आणि पट्ट्याच्या चित्राभोवती पेनाने एक गोल.

पहाटे पाचला पलंगावरून उठताना सरोजिनीबाई ‘आई गं’ म्हणायच्या. ‘आई’ लांबलचक, ‘गं’ मध्येच तुटलेला. चौतीस वर्षं प्रल्हादराव त्या आवाजावर कूस बदलून झोपले. गेल्या दहा दिवसांत मात्र ते जमेना. पाच वाजले की आवाज यायचा आणि ते ताडकन उठून बसायचे. उठून करायचं काय, ते कळत नव्हतं. म्हणून मशीन.

“गादी घ्या,” दिवाकरराव म्हणाले. “डोक्यापासून पायापर्यंत एकदम काम. बॅटरीचा काय भरवसा?”

“तुम्ही तुमच्या कमरेचं पाहून राहिले, दिवाकरराव.”

“मग? कमर कमरच असते.”

प्रल्हादरावांनी पट्टा हातात घेतला. “तिकडे लाइटचं काही सांगता येत नाही,” ते वैभवीला म्हणाले.

“आँटी बाहेर जाऊन राहिल्या का? पाटनकडच्या खेड्यांत?”

“नाही. दक्षिणेकडे.”

“अच्छा, नागपूर. तिथे तर लाइट असते, अंकल.”

प्रल्हादरावांनी पट्टा तिच्यापुढे ठेवला. दिवाकरराव छताकडे पाहत राहिले.

वैभवीने फॉर्म काढला. नाव, वय, वजन. वजन प्रल्हादरावांना सांगता येईना. उचलायला हलकी होती, एवढंच ते म्हणाले. तिने अंदाजाने पंचावन्न लिहिलं.

“पेसमेकर? असेल तर आम्ही देत नाही.”

“होता. काढला.”

“काढला? कधी?”

“दहा-अकरा दिवस झाले. डॉक्टरनेच काढला.”

“मग चलो, काही टेन्शन नाही,” म्हणत तिने चौकटीत बरोबरची खूण केली. वॉरंटी एक वर्षाची, तीही पट्ट्याला. गादीला तीन.

“वर्षभर पुरे,” प्रल्हादराव म्हणाले. “पुढे तिला लागायचा नाही.”

एवढा विश्वास वैभवीला क्वचितच दिसे. ती खूश झाली. एसीत बसून अंकलनी टोपी काढली नाही, हे तिच्या लक्षात आलं होतं, पण म्हाताऱ्यांना गार हवा बाधते. मग तिचं लक्ष खुर्चीजवळच्या सामानाकडे गेलं. नवी छत्री, नव्या लेडीज चपला, नवी टॉर्च. आँटी नशीबवान आहेत, ती म्हणाली. आमच्या पप्पांना तर मम्मीच्या चपलेचा नंबरही माहीत नाही.

“मलाही नव्हता,” प्रल्हादराव म्हणाले. “जुन्या चपलेवर फूटपट्टी लावून आणला.”

ऑटोत दिवाकररावांनी गादीचा विषय पुन्हा काढला. प्रल्हादरावांनी खिशातून ते कात्रण काढून त्यांच्या हातात दिलं. पेनाचा गोल बघून दिवाकररावांनी ते घडी करून परत केलं आणि घर येईपर्यंत ते कमरेबद्दल बोलले नाहीत.

रात्रभर पट्टा चार्जिंगला होता. पहाटे पाचला आवाज आलाच. प्रल्हादराव उठले, पट्ट्याचा हिरवा दिवा पाहून आले आणि अंघोळीला गेले.

नऊ वाजता दिवाकरराव आले. बाहेरच्या खोलीत नवा पलंग मांडला होता. उशाशी छत्री आणि टॉर्च, पायथ्याशी चपला. सांगितल्याबरोबर दिवाकरराव पलंगावर आडवे झाले. प्रल्हादरावांनी वाकून त्यांच्या गुडघ्याला पट्टा बांधला, फार आवळला तर नाही ना, हे बोट घालून पाहिलं, आणि बटण दाबलं. पट्टा हलकेच गुणगुणू लागला.

“बरं वाटून राहिलं का?” त्यांनी विचारलं. चौतीस वर्षांत हा प्रश्न त्यांनी पहिल्यांदाच विचारला होता.

दिवाकररावांचे डोळे मिटलेले होते. त्यांच्या तोंडून आलं, “आई गं.” ‘आई’ लांबलचक, ‘गं’ मध्येच तुटलेला.

प्रल्हादरावांचा हात पट्ट्यावरच राहिला. मग दिवाकर गुरुजींनी डोळे उघडले, उठून बसत दर्भाची काडी त्यांच्या हातात दिली आणि म्हणाले, “आता टोपी काढा, तिचं नाव-गोत्र घ्या आणि पाणी सोडा. बाराव्याचं शय्यादान आहे, प्रल्हादराव. माझ्या हाती सोडलं की वर्षभराच्या वाटेवर तिच्यापर्यंत पोचतं.”