इथला असल्याचा पुरावा

"जहाजावरचे बाकीचे सातही जण सुटले," मुंबईच्या वकिलाचा फोन ठेवत आसावरी म्हणाली. "परवा विमानात बसवून देणार त्यांना."

समोर बसलेल्या पोशा कातकऱ्याचा चेहरा उजळला. "मंग आमचा विकास कवा येनार, ताई?"

आसावरीला त्याच्याकडे बघवेना. विकास चौक गावच्या ढाब्यावर आचारी होता. एका दलालाने त्याला खोट्या नावाच्या परदेशी पासपोर्टवर जहाजावर स्वयंपाकाला धाडलं. त्या जहाजात पोतीच्या पोती चरस निघालं. नौदलाने पकडलं ते भर समुद्रात. जहाज परकं, पाणी कुणाच्याच मालकीचं नाही. तिथे परक्या माणसापर्यंत आपल्या कायद्याचा हात पोचत नाही. ज्याने पोती चढवली तो कप्तानसुद्धा हसत सुटला. भारतीय माणूस मात्र जगाच्या पाठीवर कुठेही असो, त्याला हा कायदा लागू. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय! म्हणून विकास मूग गिळून बसला होता. तसाच बसला असता, तर परका म्हणून तोही सुटला असता.

पण गेल्या आठवड्यात तपासाचे साहेब पोशाच्या वाडीवर आले. फोटो दाखवून म्हणाले, "हा तुमचा मुलगा? पुरावा काय?"

पोशाला जन्मभर हेच विचारलं गेलं होतं. रेशनच्या दुकानात, तलाठ्याकडे, दवाखान्यात. दरवेळी तो मान खाली घालून परतला. या वेळी त्याच्याकडे पुरावा होता. आसावरीनेच कर्जतच्या कचेरीत खेटे घालून विकासचा जन्माचा दाखला काढून दिला होता. पोशाने तो पत्र्याच्या पेटीतून काढला आणि ऐटीत साहेबांच्या हातावर ठेवला. साहेबांनी त्याला 'काका' म्हटलं, शेजारी बसवून चहा पाजला.

आसावरीला किळस आली. त्या कायद्याची, त्या चहाची आणि सगळ्यात जास्त स्वतःच्या समाजसेवेची.

तिने पोशाला सगळं सांगितलं. दोनदा सांगावं लागलं.

"आता त्याला निदान दहा वर्षं, पोशादादा."

पोशाने टेबलावरचं शाईचं पॅड पुढे ओढलं आणि त्यावर अंगठा दाबला.

"लिवा, ताई. त्यो माजा पोरगा नाय. आमी त्याला वळकत बी नाय."