यल्लाप्पाचा पुरावा

कुंकवाचं बोट रेकॉर्डवर टेकलं आणि नीलिमा किंचाळली.

“आवं भाऊसोकाका, खाचांत जाईल ते!”

“जाऊ दे की. देव खाचांतबी असतोय,” बँडचे मालक भाऊसो म्हणाले आणि त्यांनी हळदही लावली.

खंडेनवमी होती. कराडच्या त्या खोलीत बँडची सगळी वाद्यं सतरंजीवर मांडली होती. चिंचेनं घासलेलं पितळ लखलखत होतं, ढोलांच्या गळ्यात झेंडूच्या माळा होत्या. पोटाला घालणाऱ्या वस्तूची त्या दिवशी पूजा होते. रेकॉर्ड कुणाच्या पोटाला काय घालते, हे कुणी विचारलं नाही. भाऊसोंनी तिला क्लॅरिनेट आणि ट्रंपेटच्या मधोमध बसवलं आणि नारळ फोडून पाणीही शिंपडलं.

रेकॉर्ड नीलिमाच्या वडिलांची, यल्लाप्पाची होती. म्हणजे, तसं त्याचं म्हणणं होतं. यल्लाप्पा बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवायचा. तरुणपणी काही वर्षं तो मुंबईत एका हॉटेलात वाजवत होता आणि तिथल्या मंडळींबरोबर त्यानं एक रेकॉर्ड केली होती. संगीत जॅझ-फंक नावाचं. रेकॉर्ड निघाली, कंपनी बुडाली, यल्लाप्पा गावी परतला. पुरावा काहीच नाही. गेल्या वीसेक वर्षांत बँडमधल्या एकाही माणसानं या गोष्टीवर विश्वास ठेवला नव्हता, आणि ती ऐकल्याशिवाय एकही माणूस घरी जात नव्हता.

“यल्लाप्पा, सोड की रं तुझी थाप,” संध्याकाळी चहाच्या गाड्यावर ट्रंपेटवाला केरबा म्हणायचा. यल्लाप्पा चिडायचा. चिडला की रंगात यायचा. गाल फुगवून, बोटं हवेत नाचवत तो आपला तुकडा तोंडानं वाजवून दाखवायचा. दरवर्षी त्यात भर पडायची. एका वर्षी स्टुडिओतले दिवे गेले आणि यल्लाप्पा अंधारात वाजवत राहिला. पुढच्या वर्षी ते ऐकून ड्रमवाला गोरा साहेब ढसाढसा रडला. हातातले चहा निवून जायचे. लग्नाची सुपारी द्यायला पाहुणे आले, की भाऊसो त्यांनाही आधी यल्लाप्पा ऐकवायचे आणि मग आकडा सांगायचे. “खरंखोटं यमाईला ठावं,” ते म्हणायचे, “पर माणूस बघा.”

यल्लाप्पाला मात्र एवढंच हवं होतं, की मरायच्या आधी केरबानं एकदा तोंडानं म्हणावं, तू खरं बोलत होतास.

आणि रेकॉर्ड आली. ती लंडनच्या कुठल्याशा कंपनीनं पुन्हा काढली होती, तीही काळ्या तबकडीवरच. साहेबाच्या देशात लोक परत तबकडीकडे निघाले होते. कराडकर नुकतेच तबकडी टाकून कॅसेटपर्यंत पोचले होते. मुंबईत नोकरीला असलेल्या नीलिमाला ती एका दुकानात दिसली. पाकिटावर लिहिलं होतं, अजरामर. मागच्या बाजूला फोटो होता. त्यात खांद्यापर्यंत केस आणि खाली फाकलेली विजार, अशा वेशात यल्लाप्पा उभा होता.

केरबानं पाकीट जवळ धरलं, लांब धरलं.

“नाक त्येचंच हाय,” तो कबूल झाला.

पूजा आटोपल्यावर स्पीकरवाल्या दादासोनं माळ्यावरचं जुनं मशीन उतरवून कर्ण्याला जोडलं. भाऊसोंनी कर्ण्याचं तोंड रस्त्याकडे करायला लावलं. यल्लाप्पानं लग्न नसताना लाल कोट चढवला होता, सोनेरी गोंड्यांसकट.

सुई टेकली. ढोल सुरू झाला, काहीतरी विसरल्यासारखा थांबला, पुन्हा सुरू झाला. ठेका कुणालाच सापडेना. मग सापडला. दर फेऱ्याला कुंकवावरून सुई जायची आणि टक व्हायचं. ढोलवाल्यांनी त्यावर मानेनं ठेका धरला.

“ह्यो टक लय भारी बसलाय,” एक जण म्हणाला.

“गप. आता मी येतोय,” यल्लाप्पानं बोट वर केलं आणि डोळे मिटले.

सॅक्सोफोन आला. हळू आवाजात दोन गोष्टी बोलला, ओळखीचं कुणी नसलेल्या लग्नात पाहुणा फिरतो तसा एक फेरा मारला आणि निघून गेला. मग गिटार आली. ती काही जाईना. मंडळी वाट बघत बसली. सुई कडेपासून मधे पोचली.

“दुसऱ्या बाजूला आसंल,” दादासो म्हणाला आणि त्यानं तबकडी उलटली. दुसऱ्या बाजूला यल्लाप्पा नव्हता.

“मग दिवे कवा गेले?” कुणीतरी विचारलं.

“आन् त्यो सायेब रडला ते?”

“ते रेकॉर्डीत कसं यील? ते तितं घडलं,” यल्लाप्पा म्हणाला. त्याचा आवाज त्या सॅक्सोफोनसारखाच आला.

केरबा उठला. त्यानं यल्लाप्पाचा हात हातात घेतला.

“म्हंजी तू खरं बोलत हुतास,” तो म्हणाला. ज्या वाक्यासाठी यल्लाप्पानं उभा जन्म वाट पाहिली, ते केरबानं दुखवट्याला आल्यासारखं म्हटलं. मग पेढे वाटले.

दुसऱ्या दिवशी दसरा. सोनं देऊनघेऊन झाल्यावर यल्लाप्पा गाड्यावर आला. चहा आला. कुणी काही विचारलं नाही. मग त्यानंच सुरुवात केली, “तर त्या दिवशी स्टुडिओत...”

“ऐकली की काल,” दादासो म्हणाला.

पलीकडे भाऊसो सुपारी घेऊन आलेल्या पाहुण्यांना नव्या लायटिंगच्या गाडीबद्दल सांगत होते. यल्लाप्पाकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. सगळ्यांचे चहा गरम असतानाच संपले. उठता उठता केरबानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

“वाईट वाटून घिऊ नगंस,” तो म्हणाला. “पर खोटा हुतास तवा लय झ्याक वाजवायचास, गड्या.”